ताऱ्याच्या दारचा केर

श्रीतेजोमय प्रसन्न. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध षष्ठीचे दिवशी नववीच्या राज्यात पैज पडली ऐसी की, ताऱ्याच्या घरी केर कोण काढतो, हा सवाल भर दरबारात खड्या आवाजाने पुसावा. लेझीम पथकाची सरदार ओवी गुरव बोलिली, "ऋजे, तुझ्याने नाही होणार. तू हजेरीलाही पुटपुटतेस." ते ऋजुताबाईंस झोंबले. मग आकाशविद्येच्या पंडिता पद्मजाबाई कानडे पाहुण्या आल्या, प्रयोगशाळेत दरबार भरला, आणि ऋजुताबाई उभ्या राहून सवाल करत्या जाहल्या. राज्य खदखदा हसले. पंडिता हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोणी काढत नाही, हे आपले नशीब. त्याच केरातून पृथ्वीसारखे गोल घडतात. तूसुद्धा त्यातलीच." आणि मग पंडितांनी वर्तमान कथिले की, तो केर म्हणजे ताऱ्याभोवतालची धूळ, ती ताऱ्याच्या उबेने तापून अवरक्त तेज टाकते, ते डोळ्यांस दिसत नाही, आणि तारा तेजाने ऐसा मातलेला की शेजारची धूळ लोपून जाते. मग दोन दुर्बिणी दूर दूर उभ्या करून दोहींचा प्रकाश एके ठायी आणितात, आणि एकीच्या लाटेचा माथा दुसरीच्या खळग्यात ऐसा बसवितात की तारा आपणच आपणास विझवितो आणि बाजूची धूळ तेवढी उरते.

हे कोणास खरे वाटेना. सबब परात मागविली, पाणी भरिले, वर खडूची भुकटी भुरभुरविली. एके कडेस ऋजुताबाई, समोर ओवी. पंडितांचा हुकूम जाहला की, एकीचे बोट वर तेव्हा दुसरीचे खाली, मधली रेघ म्हणजे तारा, तो विझवावा. ज्या जोडीस साधेल तिला वैशाखात डोंगरावरच्या वेधशाळेत शिबिरास नेईन. आणि शिबिराच्याच आठवड्यात मावसबहिणीचे लग्न, करवलीचा मान ऋजुताबाईंनी स्वतः हट्टाने मागून घेतलेला. तरी बोट बुडविले. परंतु दोघी लेझीमवाल्या, एका ठेक्यावर हात पडायची खोड. बोटे एकदमच पडत आणि मधली भुकटीच अधिक नाचे. ओवी कुजबुजली, "माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस की ठेक्यात मिळतेस." मग ऋजुताबाईंनी डोळे मिटिले आणि बोलिल्या, "तू एकला मार, मी दोनला." ऐसे चालले. मग भीत भीत डोळे उघडिले, तो परातीच्या ऐन मधोमध भुकटी निजल्यासारखी निश्चल, आणि दोहीं बाजूंस नाचते आहे. तारा विझला, केर उरला. ऋजुताबाईंस वाटले, जिथून आपण आलो ते आपल्याच बोटाने दिसू लागले, आता करवली कसली आणि मान कसला.

सायंकाळी स्वारी घरी आली. तीर्थरूप वाटाणे सोलीत होते, मातोश्री फोनवर मावशीशी करवलीच्या घागऱ्याची मसलत करीत होत्या. ऋजुताबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि पुटपुटल्या नाहीत.

"आई, मावशीला सांग, दुसरी करवली बघा. बाबा, मी ताऱ्यांचा केर बघायला जाणार आहे."

इतुके जाहले ते लिहिले. परात घासून फळीवर गेली, वाटाणे तसेच राहिले, निश्चय ढळला नाही.