बिनआवाजाची गिटार

खरेदी कशी करावी, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! ही फुशारकी नव्हे. माझं पोटच त्यावर चालतं. कंपनीच्या खरेदी खात्यात मी इतकी वर्षं काढली आहेत की ऑफिसात साधा स्टेपलर यायचा असला तरी मी आधी त्याची उलटतपासणी घेतो. मागे एका खुर्च्या विकणाऱ्याला मी इतके प्रश्न विचारले, की शेवटी तो स्वतःच नमुन्याच्या खुर्चीत बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

तेव्हा माझी साधी गिटार देऊन टाकून तिच्या जागी वायर लावायची सोय असलेली महागडी गिटार घ्यावी का, हा प्रश्नही मी ऑफिसच्याच शिस्तीत सोडवायचं ठरवलं.

दिसायला दोन्ही सारख्याच. लाकडी पोट, पोटाला भोक, त्यावर सहा तारा. फक्त महागडीच्या कडेला चार बटणं आणि बुडाशी वायर खुपसायला जागा. वायर एका छोट्या डब्याला, म्हणजे अँप्लिफायरला जोडायची आणि मग जगाला ऐकवायचं. आता मला जगाला ऐकवायचं होतं असं नाही. मला चार गाणी येतात, त्यातल्या दोनांचे शेवट येत नाहीत.

शिवाय घरात माझ्या संगीताची परिस्थिती नाजूक होती. बायको शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी घरी पेपर तपासते. मी वाजवायला लागलो की पोरांचे मार्क आपोआप कमी होतात, असं ती म्हणते. सासरे आमच्याकडेच असतात. माझ्या गिटारच्या पिशवीची चेन वाजली की ते कानातलं ऐकण्याचं मशीन काढून खिशात टाकतात. आणि माझ्या खोलीच्या बरोबर खाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. सद्गृहस्थ! एकदा जिन्यात भेटले तेव्हा अत्यंत अदबीनं म्हणाले, "साहेब, कपाटं सरकवायला माणूस हवा असेल तर सांगा. एकट्यानं ओढू नका."

शेवटी बायकोनं सांगूनच टाकलं, "अहो, या महिन्यात काहीतरी मार्ग काढा. नाहीतर ती गिटार विका आणि आम्हाला मोकळं करा!"

म्हणजे प्रश्न गिटार बदलण्याचा नव्हता, माझ्या उरल्यासुरल्या कलाजीवनाचा होता.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. लाकडाचा दर्जा सांगितला. नको. सुरांचा गोडवा सांगितला. नको. पुढेमागे विकली तर चांगली किंमत येईल, म्हणालो.

"मग घ्यायचीच कशाला? न घेताच विकल्यासारखं करू," बायको म्हणाली.

मी हरलोच होतो. उठता उठता सहज म्हणालो, "आणि तिला हेडफोन लावता येतो."

बायकोचा घास हातातच राहिला.

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज वायरीतून थेट माझ्या कानात."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला कसा येईल? तो वायरीत असणार ना!"

ही माहिती मी कुठे वाचलेली नव्हती. शुद्ध तर्क होता. पण त्याचा परिणाम काय वर्णावा! सासऱ्यांनी घाईघाईनं मशीन कानात बसवलं.

"काय म्हणाले जावईबापू?"

"बाबा, ह्यांची नवी गिटार आपल्याला ऐकू येणार नाही!"

"परत सांग," सासरे म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं.

बायकोनं घड्याळाकडे पाहिलं. "दुकान आत्ता उघडं असेल का हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दारात हजर! हातात गाडीची किल्ली. "वहिनींकडून कळलं. अभिनंदन! अशा कामाला टॅक्सीनं जाऊ नका. मी सोडतो."

माझ्या कलेवर प्रेम करणारी इतकी माणसं आजूबाजूला असून मी त्यांना इतके दिवस ओळखलं नव्हतं!

दुकानदार पोनीटेल बांधलेला तरुण होता. मी त्याला लाकूड, तारा, गॅरंटी, हेडफोन असं एकेक विचारत गेलो. शेवटी तो म्हणाला, "सर, घरच्यांना त्रास नको म्हणून घेताय ना? मग एक गोष्ट सांगतो..."

"मी अभ्यास करून आलोय," मी त्याला तिथेच थांबवलं. विकणाऱ्याला बोलू दिलं की खरेदी बिघडते, हा आमच्या खात्याचा पहिला नियम.

"अहो, बांधा, बांधा!" डॉक्टर मागून म्हणाले.

"आठवडाभरात परत आणली तर घेईन," दुकानदार म्हणाला. "पण ओरखडा नको."

शनिवार उजाडला. मी खोलीत बसलो, वायर खुपसली, हेडफोन चढवले आणि पहिली तार छेडली.

अहाहा! डब्यावर आवाज घुमवण्याचं एक बटण होतं. ते मी शेवटपर्यंत फिरवलं होतं. सूर असा घुमला की जणू मी एखाद्या भल्यामोठ्या सभागृहात बसलोय आणि मागच्या रांगेतली माणसं डोळे पुसताहेत. दार लावायची गरज नव्हती. खिडकीही उघडलीच. इतके दिवस मी चोरासारखा वाजवत होतो, आज राजासारखा वाजवायला लागलो.

वाजवता वाजवता मी गायलाही लागलो. आता कानांवर हेडफोन असले की स्वतःचा गळा स्वतःला ऐकू येत नाही. येत नाही म्हणून मी आवाज थोडा चढवला. तरी येईना. आणखी चढवला. माझ्या तिसऱ्या गाण्यात एक लांबलचक आलाप आहे. तो तर मी छातीपासून काढला.

सासरे दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, कानातलं मशीन काढलं, निरखून पाहिलं आणि खिशात टाकलं. बॅटरी संपली असावी. मग बायको आली आणि दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं माझ्या गाण्यावर ताल धरलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो! मी डोळे मिटले आणि आलाप पुन्हा घेतला.

डोळे उघडले ते हेडफोन खस्सकन ओढले गेले तेव्हा. समोर बायको. तिच्या शेजारी डॉक्टर. तोंडावर मास्क, हातात मोजे, कपाळावर घाम.

"साहेब," डॉक्टर म्हणाले, "माझे पेशंट पळाले!"

"का?"

"का म्हणजे? मी आत एकाची दाढ काढतोय. तो बिचारा गप्प, तोंडात कापूस! बाहेर तिघं बसलेत. त्यांना काय ऐकू येतंय? 'आ ऽ ऽ ऽ ऽ!' त्यांना वाटलं, आवाज आतूनच येतोय. एकाला गॅस चालू राहिल्याचं आठवलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, दुखायचं थांबलं. तिसरा बसचा कंडक्टर, हा एवढा धिप्पाड माणूस, तो तर कारणही न देता गेला!"

"पण आवाज तर वायरीत..."

"अहो, तिला पोट आहे ना लाकडाचं? ते वाजणारच!" बायको म्हणाली. "आणि बाकीचं राहू द्या. तुमचा गळा कुठल्या वायरीला जोडला होता?"

मी खरेदी खात्याचा माणूस. पुराव्याशिवाय मानत नाही. बायकोच्या हातात गिटार देऊन मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. सहाच्या सहा तारा स्वच्छ ऐकू आल्या.

मी परत खोलीत आलो, तेवढ्यात सासऱ्यांनी कुतूहलानं हेडफोन लावले आणि बायकोनं नुसती बोटं फिरवली तरी त्यांचा चेहरा खुलला. "जावईबापू, इथून फार सुंदर वाजतं हो!"

म्हणजे गिटार बदलून सुधारणा झाली होती. पण फक्त वाजवणाऱ्यापुरती.

डॉक्टर खिडकीपाशी गेले. "ते बघा! तिघंही समोरच्या औषधाच्या दुकानात. वेदनाशामक गोळ्या घेताहेत. चला साहेब, खाली चला. तुम्हाला दाखवल्याशिवाय ते काही परत यायचे नाहीत."

मी नवी गिटार उचलली. बायकोनं ती काढून घेतली. "ही नको. ओरखडा पडला तर परत कोण घेईल? जुनी न्या."

डॉक्टरांनी तिघांना हाका मारून, समजावून, जवळजवळ ओढून आणलं आणि मला त्यांच्यासमोर स्टुलावर बसवलं. "हेच ते! वर राहतात. आत कोणीही ओरडत नव्हतं. हे गात होते."

"गात?" कंडक्टरनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "काहीतरीच काय, डॉक्टर! गाणं असं असतं होय?"

"साहेब, तो आलाप घ्या बरं."

मी घेतला. मनापासून घेतला.

"हाच! हाच तो!" बाई ओरडल्या.

"पटलं ना? आता बसा निवांत. एकेकाला आत घेतो. तोवर साहेब, चालू द्या तुमचं."

मी दुसरी ओळ सुरू केली आणि कंडक्टर ताडकन उठला. "डॉक्टर, आधी मला घ्या!"

"वा रे वा! माझा नंबर आधी आहे!" बाई पर्स घेऊन धावल्या.

"मी गॅस बंद करून आलोय, मला घाई आहे!" तिसरा म्हणाला. तो घरी गेलेलाच नव्हता. दारात तिघांची अशी रेटारेटी झाली की आतला दाढवाला पेशंट कापूस सांभाळत खिडकीकडे सरकला.

दुपारपर्यंत तिघांचेही दात मार्गी लागले. एकाचंही रडगाणं नाही, भूल चढायची वाट पाहायलाही कोणी तयार नव्हतं. डॉक्टर मास्क उतरवून बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्यानं.

"साहेब, माझ्या पेशंटना खुर्चीपर्यंत आणायलाच माझा निम्मा वेळ जातो. दर शनिवारी येत जा. इथेच बसा, मनसोक्त वाजवा."

वर निरोप गेला तेव्हा सासऱ्यांनी मशीन पुन्हा कानात घातलं आणि बायकोनं, तिच्याच शब्दांत, एका मुलाला उगाचच दोन मार्क वाढवून दिले. माझं कलाजीवन वाचलं होतं! तेही हक्काच्या श्रोत्यांसकट!

मला भरून आलं. म्हणालो, "डॉक्टर, मग आता जाहीर कार्यक्रमच सुरू झाला म्हणायचा. विचार करतो, ती महागडी गिटार ठेवूनच घ्यावी का? डब्यातून आवाज काय घुमतो!"

डॉक्टरांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"छे छे! ती आजच्या आज परत करा. चुकून चांगलं वाजलं तर लोक बाहेरच बसून राहतील!"