तक्त्यातली कोंबडी

इंगळे सर चहा कपाने मागत नाहीत, मिलीलिटरने मागतात. धाड गावातल्या आमच्या शाळेसमोरच्या टपरीवर ते पिशवीतून काचेचं मोजपात्र काढतात आणि म्हणतात, "ऐंशी मिली. फेस धरू नोको." टपरीवाला आता हसत नाही. फेस बसेपर्यंत थांबतो आणि उरलेला चहा ओततो.

सर विज्ञान शिकवतात, मी मराठी. ते मूळचे सोनाळ्याचे, बोलणं अस्सल वऱ्हाडी. मी साताऱ्याकडून आलेली. रुजू झाले त्या दिवशी मी सहज म्हणाले, "काय भयंकर ऊन आहे इथे!"

"मोजलं काय?" सरांनी विचारलं. मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांनी थर्मामीटर काढला.

त्यांच्यासमोर 'खूप', 'थोडंसं', 'अंदाजे' म्हणायची सोय नाही. स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक एकदा 'हा प्रचंड जनसमुदाय' म्हणाले, तर पहिल्या रांगेतले सर उठून मागे वळले आणि बोटाने डोकी मोजू लागले.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी नववीतल्या दोन मुली निवडल्या, दीपाली आणि अल्फिया. तिथे आमच्या शाळेला आजवर सहभागाच्या प्रमाणपत्रापलीकडे काही मिळालं नव्हतं. प्रयोग साधा होता. तेलाचे तीन डबे आडवे कापून त्यांत माती भरली आणि ते उतरते ठेवले. एकात नुसती उघडी माती, दुसऱ्यात मातीवर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, तिसऱ्यात गवत. तिन्हींवर झारीने सारखंच पाणी ओतायचं आणि खालच्या बाटलीत गाळ किती येतो ते पाहायचं. सोयाबीन निघालं की आमच्याकडे काही जण कुटार पेटवून देतात. ते वावरातच पसरलं तर माती वाचते का, एवढाच प्रश्न.

रोज मधल्या सुट्टीत अल्फिया पाणी ओतायची, दीपाली लिहायची. उघड्या मातीखाली चहाच्या रंगाचं पाणी, कुटाराखाली जवळजवळ नितळ. सगळं झकास चाललं होतं आणि एका गुरुवारी कुटाराच्या डब्याने दगा दिला. उघड्या मातीपेक्षा जास्त गाळ! दीपाली रडकुंडीला आली.

"ती एक ओळ वगळा," मी म्हणाले. "कोण बघतंय?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बोर्डाच्या परीक्षेत कॉपी पुरवताना सापडले होते. "मॅडम, गुरुवार झालाच नाई म्हनता काय? लिही वं दीपाली. मंग पाहू, काऊन झालं ते."

मुलींनी पहारा सुरू केला. चौथ्या दिवशी अल्फिया धावत आली. "सर, चोर सापडला! शेषरावमामाची कोंबडी!"

शेषरावमामा आमचे शिपाई, शाळेच्या आवारातच राहतात. त्यांची कोंबडी दाणे शोधत कुटार उकरून बाजूला सारत होती. तिथे माती उघडी पडायची आणि पाण्याबरोबर चालू लागायची.

सरांनी दोन्ही हात वर केले. "अबे, ते तर आपल्याच बाजूनं सबूत देऊन गेली! कुटार हटलं, की माती चालली!"

तक्त्यात गुरुवारपुढे शेऱ्याच्या रकान्यात दीपालीने एकच शब्द लिहिला. कोंबडी.

प्रदर्शनात म्हणायचं भाषण मी लिहून दिलं होतं, 'सदर प्रयोगाद्वारे मृदेची धूप' वगैरे. दीपालीने ते चोख पाठ केलं. पण म्हणताना तिचा आवाज इतका बारीक व्हायचा, की तिचाच तिला ऐकू येत नसावा.

बुलढाण्याला प्रदर्शनात परीक्षक बाई समोर आल्या, तेव्हा ती "सदर" म्हणून जी थांबली ती थांबलीच. बाईंचं बोट तक्त्यावरून फिरत गुरुवारवर आलं. "हे काय? कोंबडी?" आजूबाजूचे हसले. सर लांब एका खांबाजवळ डोळे मिटून उभे होते.

दीपालीने माझं 'सदर' तिथेच सोडून दिलं.

"हाव मॅडम, कोंबडी. त्या दिवशी आमचा प्रयोग उलटा झालता. आमाले वाटलं, आकडा खोडून टाकाव. पन सर म्हने, लिहा. मंग आमी पहारा देल्ला..."

आवाज वाढत गेला. ती बोलत होती आणि अल्फिया कुटार बोटांनी बाजूला करून पाणी ओतून दाखवत होती. शेजारच्या टेबलावरची मुलं आपले प्रयोग सोडून ऐकायला आली. बाईंनी विचारलं, "खऱ्या शेतात हे कुटार वाऱ्यावर टिकेल?"

"ते नाई पाह्यलं अजून. माह्या बाबानं वावरात एक पट्टा द्याचं कबूल केलं हाये. पाहून सांगतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि दुसऱ्या परीक्षकांना हाक मारली, "अहो, इकडे या. ही कोंबडी बघा!"

जिल्ह्यात पहिला नंबर! परतताना जीपमध्ये मुली घसा बसेपर्यंत ओरडत होत्या आणि त्यांच्यात माझाही आवाज होता. धाडच्या स्टँडवर दीपालीचे बाबा आणि अल्फियाचे अब्बू पेढे घेऊन उभे होते. तिथे आलेल्या शेषरावमामांनी कोंबडीच्या वाट्याचाही एक पेढा मागून घेतला.

मग मुली आपापल्या घरच्यांबरोबर गेल्या, शेषरावमामा शाळेकडे. स्टँडवर सर आणि मी, दोघेच उरलो. सरांनी लग्न केलेलं नाही, धाडला एका खोलीत एकटेच राहतात. सोनाळ्याला आई आहे, तिला ऐकू कमी येतं. तिलाच त्यांनी फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "आई, पोरी जितल्या! पयला नंबर!"

फोन स्पीकरवर होता. म्हातारीने विचारलं, "कोनाच्या पोरी रे?"

सरांनी फोन तोंडाशी आणला. मग आईला काय, जवळ उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू ते म्हणाले, "माह्या."

"आँ? कोनाच्या?"

सरांनी चष्मा काढला आणि सगळा स्टँड वळून पाहील असे ओरडले, "माह्या, आई! माह्या पोरी!"