साकू सर

चौगुले सर लग्नाच्या पंगतीत वाढप्यापुढे हात आडवा धरून ओरडायचे, "साकू!" कन्नडमध्ये साकू म्हणजे पुरे. सर बोलायचे मराठीत, थांबवायचे मात्र कन्नडमध्ये. एकदा मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं, तेव्हाही मागच्या खुर्चीतून तोच आवाज आला. सगळे हसले, सर हसले नाहीत.

सदलग्याच्या शाळेत त्यांनी आम्हाला वर्गमुळं शिकवली. बहात्तरचं वर्गमूळ दिलं की त्यातला छत्तीस ओळखायचा, सहा रूट दोन लिहायचं आणि पेन खाली ठेवायचं. "त्या रूट दोनचं आणि काय करतोस रं? साकू!"

माझं मन भरायचं नाही. उत्तरात एकच आकडा पाहिजे असं वाटायचं. रूट दोन अधिक रूट तीन आलं की मी पुढे रूट पाच लिहून मोकळा व्हायचो. सर वही वर्गाला दाखवायचे. "बघा रं, लई मायाळू हाय. दोघांचा संसार थाटून दिला यानं!" मग जवळ येऊन हळू म्हणायचे, "जिथं पुढं जात न्हाय, तिथं सोडायला शिक. तेबी उत्तरच हाय."

शाळा सुटल्यावर ते मला रोज तासभर बसवून घेत. घरातला पहिला पदवीधर मी त्यामुळे झालो. आता बेळगावच्या एका दवाखान्यात रक्त तपासतो.

गेल्या महिन्यात सर तिथं आले. त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, वरच्या मजल्यावर होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरी न्या, करण्यासारखं काही उरलं नाही.

सरांनी फाईल माझ्यापुढे केली. "तू बघ बाबा. ह्या लोकांनी कुठंतरी एखादी पायरी गाळलीया."

मी सगळी पानं वाचली. एकही पायरी गाळलेली नव्हती.

"मिरजेला न्यावं का रं? न्हायतर हुबळीला?" सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "सकाळी दोन चमचे पेज घेतली तिनं. मग हात आडवा धरला. तरी मी आणि एक चमचा भरला."

त्यांचाच शब्द माझ्या जिभेवर होता. तो त्यांना कुठल्या तोंडानं ऐकवणार? दहावीत रूट पाच लिहायचो, तसं मी म्हणालो, "रक्त परत एकदा तपासून बघू, सर."

"व्हय, बघू की!" सर ताडकन उठले आणि माझ्या आधी जिना चढू लागले.