दोन्ही बाजूंचा सुहास

कोरगावात कुणाच्या खुराड्यात साप शिरला की सुहासला फोन जातो. तो येतो, साप पिशवीत घालतो आणि पिशवीचं तोंड बांधता बांधता सापाची माफी मागतो. कोंबड्यांची मालकीण ओरडते, "अरे, अंडी माजी गेली मरे!" मग तिचीही मागतो. वर म्हणतो, "माका दोनूय बाजू दिसतत, वयनी."

हा आमचा शेजारी. वय पस्तीस, लग्न व्हायचंय. तो नक्की करतो काय, हे मला जन्मभर मास्तरकी करूनही नीट सांगता येत नाही. आठवड्यातले तीन दिवस मांद्र्याला भटक्या कुत्र्यांच्या दवाखान्यात मलमपट्टी करतो, लसी टोचायला मदत करतो. आणखी तीन दिवस तिथल्याच किनाऱ्यावर कासवांची अंडी राखतो. मुलीकडचे आले की त्याची आई मला बोलावून घेते. एकदा मी ठोकून दिलं, "जनावरांचा डॉक्टर आहे." हा पठ्ठ्या लगेच म्हणाला, "डॉक्टर नाय, मदतनीस. आनी तोय अर्दोच." पाहुणे चहा न संपवताच उठले.

खरा घोळ घातला तो उंडोने. उंडो म्हणजे तांबूस, पावासारखा गोल कुत्रा. गाडीखाली सापडला होता. सुहासने दीड महिना स्वतःच्या हाताने भरवून त्याला उभं केलं. आणि उभं राहिल्यावर त्याने पहिलं काम काय करावं? सुहास राखत होता तेच कासवाचं घरटं उकरलं. सुहास दोन दिवस जेवला नाही. "मारू तरी कोणाक? पांय मीच बरो केलो मरे," एवढंच म्हणत होता.

त्याच आठवड्यात दोन्हीकडून विचारणा आली. कायमची नोकरी हवी असेल तर पूर्णवेळ आमच्याकडे ये, सोमवारपर्यंत सांग. आई म्हणाली, "खंयचीय एक धर, पण धर." सुहास देवाला प्रसाद लावायला, म्हणजे कौल मागायला निघाला, आणि सोबतीला मी. भटजींनी देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. कुत्र्यांची नोकरी धरू का? उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. यानंतर माणसाने नमस्कार करून घरी जायचं असतं. पण हा म्हणाला, "भटानू, आता कासवांचा विचारा." पुन्हा उजवीच पडली. भटजी उखडले ते माझ्यावर. "मास्तर, एकदा उजवी पडली म्हणजे पुरो! देवाकय गोंधळात घालतास तुमी!" माझंच डोकं चालेनासं झालं होतं.

रविवारी सकाळी तो आमच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. हातात दोरी, दोरीला उंडो.

"कासवां धरतंय, मास्तरानू. कुत्र्यांचा करूक दुसरे आसत, अंडी राखूक कोण मेळना. पण हेका आता किनाऱ्यार सोडूक जायना, आनी आवय घरात घेयना. तुमी ठेवशात?"

कुत्र्यांचं आणि माझं आयुष्यात कधी जमलं नाही. मी सबब शोधत होतो, तेवढ्यात तो खाली बघत म्हणाला, "मी रोज येयन. तेका खावक घालीन. तेवडाच एक घर जायत माका. साप नसताना माका कोण घरात बोलयता?"

चार वेळा त्याने आमच्या न्हाणीतून साप काढून दिला होता. चारही वेळा मी त्याला पाणी दिलं ते पायऱ्यांवरच, हाताला सापाचा वास असतो म्हणून. मला माझीच लाज वाटली.

"तेका माडाक बांद," मी म्हटलं, "आनी तू भितर ये. च्या करतंय."

उंडोला बांधून, चपला काढून तो आत आला आणि मधोमध उभाच राहिला. खुर्चीकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. लहानपणापासूनचा शेजारी, पण आमच्या घरात कुठे बसायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.