चिलखताचा आकडा

माणूस कॉफीत दूध कसं ओततो एवढं पाहिलं की तो कोणत्या आवृत्तीचा आहे हे आपण सांगू शकतो, असा वर्लिन टॉलेफसनचा दावा होता. आवृत्ती म्हणजे ‘टॉर्च अँड टॉवर’ या खेळाची. टेबलाभोवती बसायचं, कुणी सरदार व्हायचं, कुणी चोर, आणि फासे टाकत टाकत एका माणसाने रचलेल्या गुहांमधून नि किल्ल्यांमधून हिंडायचं, असा हा खेळ. वर्लिनच्या छोट्याशा गावात तो रचणारा माणूस गेली सदतीस वर्षं स्वतः वर्लिनच होता. खेळाच्या नियमांच्या आजवर पाच आवृत्त्या निघाल्या होत्या आणि वर्लिनच्या मते विस्कॉन्सिनमधली यच्चयावत माणसं त्या पाचांत बसत होती, भले त्यांनी खेळाचं नावही ऐकलेलं नसो.

टॅक्सचे कागद बुटांच्या खोक्यात कोंबणारे ते पहिल्या आवृत्तीचे. मायक्रोवेव्हसोबत आलेली पुस्तिका शेवटपर्यंत वाचणारे तिसरीचे. चर्चचे पाळकबुवा त्यातले. चौथीचा माणूस त्याला आयुष्यात एकच भेटला होता, एक विमा एजंट, आणि त्याबद्दल त्याला बोलायचं नव्हतं. पाचवीची माणसं पायजम्यात दुकानात जातात. आणि दुसरी आवृत्ती म्हणजे सरळ, खमकी, शब्दाला पक्की माणसं. थोडक्यात, स्वतः वर्लिन. काउंटीच्या बर्फ काढायच्या गाडीवर त्याने तीस हिवाळे काढले होते आणि गाडी एकदाही रस्त्याखाली घातली नव्हती, हे तो याच संदर्भात सांगायचा.

त्याचा जिवलग मित्र एल्डन कुबियाक हासुद्धा दुसरीचाच, असं तो छातीठोकपणे म्हणायचा. अकरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारपर्यंत म्हणायचा.

त्या शनिवारी एल्डनने वर्लिनच्या तळघरात, खेळाच्या टेबलावर, पाचव्या आवृत्तीचं कोरं करकरीत पुस्तक आणून ठेवलं आणि म्हणाला, “आपण आता याने खेळू या का?”

वर्लिनने ते दोन बोटांनी उचलून पाहिलं. “यात म्हणे घायाळ माणूस रात्रभर झोपला की सकाळी टुणकन उठून नाश्ता करतो. माझ्या टेबलावर मेलेला मेलेलाच राहतो, एल्डन.”

“तुझ्या टेबलावर जिवंतसुद्धा मेल्यासारखेच बसतात,” एल्डन म्हणाला. मग त्याने पुस्तक उचललं, आपले फासे डब्यात भरले आणि तो जिना चढून निघून गेला.

त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. गाव एवढंसं, किराण्याचं दुकान एकच, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी गाठ पडायचीच. तेव्हा दोघंही चीजच्या कपाटापुढे उभे राहून, जणू काही परीक्षेला तेच आहे अशा एकाग्रतेने, चीज बघत राहायचे. चीज बघण्यात त्या दोघांची उभी हयात गेली असती.

टेबलावरची बाकीची माणसंही हळूहळू पांगली. उरली वर्लिनची बायको मार्लिस. ती अठ्ठावीस वर्षं चोराची भूमिका करत होती, विणकाम करता करता. आता दर शनिवारी वर्लिन तिच्या एकटीसाठी गावं रचायचा आणि ती एकटी ती लुटायची. लढाई करायला कुणी नसल्याने नियमांचं पुस्तक उघडायची वेळच येत नसे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तिने सुया खाली ठेवल्या.

“या गावात चोरण्यासारखं काही उरलं नाही, वर्लिन.”

“मग दुसरं गाव रचतो.”

“मी खऱ्या गावाबद्दल बोलतेय. एल्डनने घर विकलं. मे महिन्यात तो मुलीकडे ॲरिझोनाला जातोय, कायमचा.”

वर्लिनने एक फासा उचलला, पुसला आणि परत ठेवला.

“शुक्रवारी चर्चमधल्या मासळीच्या जेवणाला भेटला होता,” मार्लिस म्हणाली. “मी त्याला पुढच्या शनिवारी एक वाजता बोलावलंय.”

“कोणत्या आवृत्तीला?”

“मी वेळ सांगितली. आणि हे बघ, आवृत्ती हा शब्द तू टेबलावर काढायचा नाहीस. त्यालाही मी तेच बजावलंय. ज्याने काढला त्याला लिंबाच्या वड्या नाहीत.”

त्या भागात ही ताकीद द्यायची खरं तर गरजच नव्हती. तिथे माणूस आवडीची कॉफीसुद्धा तीनदा नको म्हटल्याशिवाय घेत नाही. मनात काय आहे ते तोंडाने सांगणं म्हणजे पाहुण्यासमोर मोजे काढण्यासारखं समजतात.

वर्लिनने आठवडाभर विचार केला आणि त्याचं मन एकदम मोठं झालं. एल्डनला पाचवी हवी होती ना? मग पाचवी. एक शब्द न बोलता, उपकाराचा आव न आणता, सरळ पाचवीने खेळायला सुरुवात करायची. तो चाळीस मैलांवरच्या शहरात गेला, टोपी डोळ्यांवर ओढून पुस्तक विकत घेतलं आणि दुकानदाराला म्हणाला, “साध्या पिशवीत घाला. पुतण्यासाठी आहे.” त्याला पुतण्या नव्हता.

पुस्तक घरात वाचायची सोय नव्हती, म्हणून तो गॅरेजमध्ये पिकअप गाडीत बसून वाचायचा. तिसऱ्या दिवशी मार्लिसने खिडकीवर टकटक केली.

“डॉक्टर काही बोलले का?”

“कोण डॉक्टर?”

“मग गाडीत बसून काय वाचतोस?”

“टायरची वॉरंटी.”

मार्लिस त्याच्याकडे बघत राहिली. वॉरंटी वाचणारा माणूस म्हणजे तिसरी आवृत्ती, आणि नवरा या वयात बदलतोय हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

खरी गोष्ट वर्लिन स्वतःलाही सांगायला तयार नव्हता. पुस्तक त्याला आवडत होतं. वाचायला कसं सोपं, मोकळं, डोळ्यांना गोड वाटत होतं. हा नियमांचाच सोपेपणा असणार, असं त्याला वाटलं. एकच गोष्ट घोकायला लागली. जुन्या आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका लहान तितका माणूस सुरक्षित. उघड्या माणसाचा दहा, लोखंडात मढवलेल्याचा दोन, आणि दोनवाल्याला घाव लागायला वीस बाजूंच्या फाशावर निदान अठरा पडावे लागत. नव्यात सगळं उलटं. उघड्या माणसाचा आकडा दहाच, पण चिलखत चढवलं की आकडा वाढत जातो, आणि मोठा आकडा भारी; फासा त्या आकड्याला पोचला तरच घाव लागतो. वर्लिनने ते हातावर पेनाने लिहून ठेवलं.

शनिवारी एक वाजता एल्डन आला. केस पांढरे झाले होते आणि जिना उतरताना तो कठडा धरत होता. वर्लिन म्हणाला, “थंडी आहे.”

“पण कोरडी आहे,” एल्डन म्हणाला.

अकरा वर्षांनंतर याहून जास्त बोलणं दोघांनाही झेपलं नसतं. एल्डनने कॉफी तीनदा नको म्हणून घेतली, खुर्चीत बसला आणि खिशातून एक पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद काढला. त्यावर त्याचा जुना सरदार होता, सर ऑस्गुड. वर्लिनला वाटलं, नव्या नियमांचे आकडे यानं त्याच जुन्या कागदावर उतरवलेत. एल्डन कागद फुकट घालवणाऱ्यातला नव्हताच. वर्लिनने नवं पुस्तक, आपली पानं खेळाडूंना दिसू नयेत म्हणून उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे उघडलं आणि खेळ सुरू झाला.

सुरुवात सौम्य असावी म्हणून त्याने एक पाणचक्की रचली होती. फाटकात गिरणीवाल्याचा कोंबडा.

“कोंबडा अंगावर येतो,” वर्लिन म्हणाला. “तुझ्या चिलखताचा आकडा?”

“दोन,” एल्डन म्हणाला, आणि जरा ताठ बसला.

वर्लिनने हातावर लिहिलेलं पुन्हा वाचलं. उघड्या माणसाचा दहा असतो. दोन म्हणजे काय? उघड्याहून उघडा? मग त्याला एकदम उलगडा झाला. बिचारा एल्डन. तोंडाने माफी मागणं जमत नाही, म्हणून सगळी शस्त्रंवस्त्रं उतरवून, असा लीन होऊन आलाय. शरण आलाय!

त्याने फासा टाकला. सात. “लागलं. चोच गुडघ्यात.”

“सातावर?” एल्डनने हळूच विचारलं.

“सातावर.”

“बरं,” एल्डन म्हणाला.

पुन्हा फासा. चार. “लागलं.” मग नऊ. “लागलं.” एल्डनचे कान लाल व्हायला लागले. ऑस्गुड काही कोंबड्यावर तलवार उगारणाऱ्यातला नव्हता, तशी त्याची शपथच होती. मार्लिसच्या चोराने तेवढ्यात खुराड्यातली सहा अंडी लांबवली, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

वर्लिनला मित्राचे हाल बघवेनात. “गिरणीवाल्याची बायको धावत येते,” तो म्हणाला, “आणि ऑस्गुडला आपल्या आजोबांची ढाल देते. तुझा आकडा आता चार.”

एल्डनने कागदाकडे पाहिलं. “ढाल घेतल्यावर चार?”

“चार,” वर्लिन प्रेमाने म्हणाला. त्याने फासा टाकला. “लागलं.”

“ढाल परत देता येते का?”

केवढा हा विनय, वर्लिनला वाटलं. “छे छे, परत कसली करतोस. उलट ती आतून एक मंतरलेलं चिलखत आणते. पाच वाढव. नऊ झाले.”

“नऊ,” एल्डन म्हणाला. त्याचा आवाज आता बराच खाली गेला होता. “मंतरलेलं.”

“आणि ही बोटातली अंगठी. आणखी एक. दहा.”

आजवरच्या आपल्या खेळात वर्लिन इतक्या सढळ हाताने कुणाशी वागला नव्हता. तो पुढच्या भेटवस्तूसाठी पान उलटत होता, तेवढ्यात एल्डन उठला. त्याने कागदाच्या चारही घड्या घातल्या.

“दहा,” तो म्हणाला. “तीस वर्षांचा सरदार आहे माझा. राक्षस मारलेत त्याने. आणि तू त्याला एकेक कपडा काढून नागडा केलास, वर्लिन. कोंबड्यासमोर. एवढा राग होता तर दुकानात तोंडावर बोलायचं होतंस.”

“अरे, राग कसला? मी तुला देतोय!”

“दिसतंय काय देतोयस ते.” एल्डनने कोट चढवला आणि तो जिन्याकडे निघाला.

अकरा वर्षांपूर्वी वर्लिन याच खुर्चीत बसून त्या पाठीकडे बघत राहिला होता. आताही त्याचे पाय उठेनात. ही पाठ आज वर गेली की ती थेट ॲरिझोनाला जाणार हे त्याला लख्ख कळत होतं.

मार्लिसने विणकाम खाली ठेवलं. “माझ्या वड्या गेल्या खड्ड्यात,” ती म्हणाली. “एल्डन, तुझा तो कागद कोणत्या आवृत्तीचा आहे?”

एल्डन तिसऱ्या पायरीवर थांबला. “दुसरीचा. आणखी कशाचा असणार? याच्यासाठी काढला मी तो शोधून. म्हटलं, जायच्या आधी याच्या मनासारखं होऊ दे.”

“वर्लिन, तो पुठ्ठा खाली कर.”

वर्लिनने पुठ्ठा आडवा केला. मागे पाचव्या आवृत्तीचं चकचकीत पुस्तक उघडं पडलं होतं. बॉयलर गुरगुरत सुरू झाला.

“तुला ही आवडते म्हणून,” वर्लिन शेवटी म्हणाला. “अकरा वर्षांपूर्वी तूच तर आणली होतीस.”

एल्डन तीन पायऱ्या खाली आला. “मला ती कधीच आवडली नव्हती.”

“मग?”

एल्डनने जमिनीकडे पाहिलं. “अक्षरं मोठी होती रे तिची. तुझ्या जुन्या पुस्तकातले ते तक्ते मला दिसेनासे झाले होते. वर्षभर अंदाजाने आकडे ठोकत होतो मी.”

“चष्मा लावायचास ना.”

“आणि तू सगळ्या टेबलासमोर मला आजोबा म्हणाला असतास.”

वर्लिनने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. म्हणाला असता. दर शनिवारी म्हणाला असता.

“चार वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढले,” एल्डन म्हणाला. “आता चष्मा लावून सगळं वाचतो. तुझं जुनं पुस्तकसुद्धा.”

“मग सांगायचं ना!”

“सांगायलाच आलो होतो दुकानात. तू चीज बघत होतास.”

वर्लिनला हसू आलं, पण ते टिकलं नाही. ज्याला तो कॉफीच्या दुधावरून साऱ्या गावाच्या आवृत्त्या सांगायचा, त्या मित्राला काय हवं होतं हे त्याला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. “बस ना,” तो म्हणाला. “मला तू इथे हवा आहेस. आवृत्ती कुठलीही असू दे.”

त्या तळघरात इतकं उघडं वाक्य पूर्वी कुणी बोललं नव्हतं. एल्डनने घाईघाईने कोट काढला, कारण दुसरं काय करावं त्याला सुचेना. “मे लागेपर्यंत बारा शनिवार आहेत,” तो म्हणाला. “चल, दुसरीच काढ. ऑस्गुडला कपडे घाल आधी.”

वर्लिनने फळीवरून जुनं पुस्तक काढलं, चिलखताच्या तक्त्याचं पान उघडलं आणि थांबला. पुस्तक लांब धरलं. जवळ आणलं. दिव्याकडे तिरकं केलं. तक्त्यातल्या अक्षरांची मुंग्यांची रांग जराही सरळ होईना. आठवडाभर गाडीत बसून नव्या नियमांचा कसला सोपेपणा आपल्याला गोड लागत होता, ते त्याला तेव्हा कळलं.

“आकडा तूच वाच, एल्डन,” तो म्हणाला. “इथे उजेड कमी आहे.”

एल्डनने त्याच्याकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. खिशातून आपला चष्मा काढून टेबलावरून सावकाश वर्लिनकडे सरकवला. त्याच्या ओठांवर एक शब्द आला होता आणि त्याचा त्याला पुरेपूर हक्क होता, पण तो त्या भागातला सभ्य माणूस होता. त्याने तो गिळला.

मार्लिसची मात्र अठ्ठावीस वर्षं चोरी करण्यात गेली होती. दुसऱ्याच्या तोंडातलं उचलणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता.

“लावा चष्मा, आजोबा,” ती वर्लिनला म्हणाली, आणि लिंबाच्या वड्यांची बशी एल्डनपुढे केली.