रेकॉर्डचं आसन

माझ्या टेलरिंगच्या दुकानात लोक स्वतःचं माप द्यायला येतात. पुंडलिकभाऊ रेकॉर्डचं माप द्यायला यायचे. कटिंगच्या टेबलावर आधी धुतलेलं कापड अंथरायला लावायचे, मग कव्हरातून काळी तबकडी दोन तळव्यांत धरून काढायचे आणि म्हणायचे, "घे माप, दिगांबर. बोट नको लावू. दमानं." लग्नाचे ब्लाऊज खोळंबलेले, बाया दारात ताटकळलेल्या, अन् मी टेप घेऊन तबकडीचा घेर मोजतोय. एका बाईनं विचारलंसुद्धा, हे कोणाच्या अंगाचं माप म्हणून. सांगणार काय, कपाळ?

भाऊ म्हणजे आमच्या सोनाळ्यातले रिटायर वायरमन. अर्धा जन्म विजेच्या खांबावर गेला. घरी एक जुना रेकॉर्ड प्लेअर, चाळीसेक रेकॉर्डी आणि कमलवहिनी. मूलबाळ नाही. प्लेअरच्या फिरत्या थाळीवर, रेकॉर्डच्या खाली, एक गोल चकती घालतात. भाऊ तिला आसन म्हणत. "देवाले आसन लागते, पाव्हण्याले लागते. मंग रेकॉर्डनं काऊन उघड्या पत्र्यावर बसावं?" असा त्यांचा सवाल.

त्यांचा हाडवैरी एकच, धमक. धमक म्हणजे हादरा, थरथर. कुठंही काही हललं की ती जमिनीतून टेबलात चढते, टेबलातून सुईत आणि सुईतून थेट गाण्यात घुसते, असं ते सांगत. म्हणून प्लेअरखाली कडप्पा, कडप्प्याखाली वाळूची पेटी, पेटीखाली अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू. शेजाऱ्याची म्हैस भिंतीला अंग घासायची, तर पलीकडं जाऊन यांनी भिंतीला भुशाची पोती लावली. म्हशीला ती फार आवडली. ती दुप्पट घासायला लागली.

एकदा मला घेऊन पिठाच्या गिरणीवर गेले. गिरणीवाल्याला म्हणाले, "वीस मिन्ट गिरनी बंद ठेव. एक बाजू ऐकून घेतो."

"भाऊ, गावाले भाकर खाऊ देता का नाई?"

"गाव रोजच खाते बे," भाऊ म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं की यात चूक काय आहे.

आसनं किती झाली त्याला हिशेब नाही. नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं झालं, ट्यूबच्या रबराचं झालं, बुचाचं झालं, चांभाराकडून आणलेल्या चामड्याचं झालं. घोंगडीचं केलं तेव्हा लोकरीचे केस सुईला गुंडाळले आणि भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जशी काही घोंगडी मीच विणली होती. वहिनी एवढ्या कंटाळल्या की एक दिवस तव्यावरची ज्वारीची भाकर उचलून त्यांच्यापुढं धरली. "घ्या, हे बी ठेवून पाहा." भाऊंनी भाकरीवर टिचकी मारली, कान लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "ओली हाये अजून."

पण खरी गंमत पुढंच आहे. एवढा खटाटोप करणाऱ्या या माणसाचा स्वतःच्या कानावर भरवसा नव्हता. नवीन आसन घातलं, सुई टेकवली, की ते सैपाकघराच्या दिशेनं ओरडायचे, "आता कसं वाटते?" वहिनी पीठ मळता मळता सांगायच्या. गाणारीण आज पडद्यामागून गाते. आज तबला पाण्यात पडल्यावानी झाला. आज बरं हाये, राहू द्या. राहू द्या म्हणाल्या की आसन पास. तो कान होता वहिनींचा, आणि भाऊंचा सगळा कारखाना त्या एका कानासाठी चालू होता.

मग वहिनी म्हणायला लागल्या, आवाज दबला.

भाऊ पळत दुकानात आले. आसन जाड झालं म्हणे. मी पातळ कापून दिलं. आठ दिवसांनी परत, अजून दबलेला आहे. अजून पातळ दिलं. मग कापड बदललं. मग भाऊंनी वाळू बदलली, चेंडू बदलले, सुई बदलली. दोन वर्षं हे चाललं. वहिनी मनापासून सांगत होत्या, भाऊ मनापासून बदलत होते, आणि मी वैतागून का होईना, कापत होतो. वहिनींना मधून मधून कान ठणकायचा, त्या कानात कोमट तेल घालायच्या. मी हाक मारली तर दोनदा मारावी लागे. हे सगळं मी पाहिलं होतं. तिघांतल्या एकालाही सुचलं नाही की आसन ठीक असेल आणि कान गेला असेल.

शेवटी खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही पडदे गेलेत, आतली नसही गेली आहे, फार उशीर केला. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर वहिनींना नुसता घोंघाट ऐकू यायचा. त्यांनी ते काढून डब्यात ठेवलं.

त्यानंतर दोन महिने भाऊ दुकानाकडं फिरकले नाहीत. मीच गेलो एक दिवस दुपारी. पाहतो तर कडप्पा भिंतीला टेकवलेला, वाळूची पेटी अंगणात. प्लेअर आणि स्पीकर, दोन्ही सरळ लाकडी तखतावर ठेवलेले, खाली काही नाही. वहिनी तखताच्या कडेला बसलेल्या, तळहात फळीवर पालथा ठेवून. भाऊंनी सुई टेकवली, आवाज एवढा वाढवला की खिडकी वाजायला लागली, आणि वहिनींच्या तोंडासमोर वाकून बोटांनी विचारलं, कसं?

"हाव," वहिनी म्हणाल्या. "येते हातात. मस्त हाये."

मला तिथं बसवेना. निघालो, तर भाऊ दारापर्यंत आले.

"तिले काई समजत नाई," ते म्हणाले. "फळीवर हात ठेवून पाह्यला मी. मलेच लागत नाई नीट, तिले काय लागन? माह्यासाठी हाव म्हणते." मग म्हणाले, "दोन साल मी आसनं बदलत बसलो, दिगांबर. तिले उचलून दवाखान्यात नाई नेलं."

"मीच कापली ना सगळी," मी म्हणालो. "मी तरी कुठं बोललो?" त्यांनी नुसता माझा हात दाबला. फार वाईट वाटलं मला त्या वेळी, अजूनही वाटतं.

तेवढ्यात आतलं गाणं संपलं. बाजू संपली होती, आणि सुई मधल्या कोऱ्या जागेत नुसतीच फिरत होती, खर्र, खर्र. मी आत डोकावलो. वहिनी तशाच बसल्या होत्या, तळहात फळीवर, मान हळूहळू तालात हलवत. भाऊ सुई उचलायला आत जातील म्हणून मी बाजूला सरकलो.

ते गेले नाहीत. "बसू दे," म्हणाले, आणि उंबऱ्यावर खाली बसले.