औषधांच्या खोक्यांत भोपळा पेरिल्याची बखर

श्री॥ बाईसाहेब रोज सकाळी ज्या देवाचे नाव घेत त्यासच नमस्कार करून लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ वद्य पंचमी, सोमवार, ते दिवशी सूर्य दोन घटका वर आला असता इस्पितळाहून वर्तमान आले जे, मंदाकिनीबाईसाहेब कैलासवासी जाहल्या. आमचे राज्य लहान, तीन खोल्या आणि पूर्वेकडील एक सज्जा. नावाचे धनी आम्ही, कारभार सारा बाईसाहेबांचा. वर्तमान ऐकून आम्ही खुर्चीवरून उठलो आणि कोठे जावे ते न कळून सज्ज्यात गेलो, आणि पाहिले तो कठड्याशी मांडिलेल्या खोक्यांत भोपळ्याचे कोंब वर आले होते. आदले सांजेपर्यंत माती सपाट होती.

त्या खोक्यांची हकीकत ऐसी. दोन वर्षे राज्यावर दुखण्याची स्वारी होती आणि औषधांची पुठ्ठ्याची खोकी घरात फार साचली. आम्ही म्हणत होतो रद्दीत द्यावी. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, एवढे गिळले मी. त्यातून काही उगवलेले तरी बघू द्या." मग त्यांनी आम्हांकडून खोक्यांची झाकणे कापविली, बुडास दाभणाने भोके पाडविली, माती आणि शेणखत भरविले, आणि दर खोक्यात तीन बिया एका ओळीत, अंगठ्याने दाबून, आपले हाते पेरिल्या. आम्ही समोर बसून होतो. तीनच्या तीन घातलेल्या पाहिल्या. दर खोक्यावर औषधवाल्याने पेनाने मात्रा लिहिली होती, सकाळ, दुपार, रात्र ऐसे तीन आकडे. गोळी घेणे असेल तेथे एक, नसेल तेथे शून्य. बाईसाहेबांनी एकेका आकड्यासमोर एकेक बी घातली, आणि दोन दिवसांनी त्यांस इस्पितळी नेले, आणि तेथून त्या परतल्या नाहीत.

दिवसकार्यास त्यांची धाकटी बहीण शरयूबाई आल्या त्या राहिल्या, आणि खोक्यांस पाणी घालणे त्यांनी आपल्याकडे घेतले, कारण म्हणत की भाऊजींच्या हाताने मेथीसुद्धा कधी उगवली नाही. तेरावे जाहल्यावर एके सकाळी त्यांनी आम्हांस हाक मारिली. म्हणाल्या, "भाऊजी, हे बघा. एक-शून्य-एक लिहिलंय, तिथे कडेची दोन आलीत, मधलं नाही. एक-एक-एक, तिथे तिन्ही." अखेरचे एक राहू देऊन आम्ही एकेक खोके पाहिले. जेथे एक तेथे रोप, जेथे शून्य तेथे सपाट माती, कोठे चूक नाही. शरयूबाई हसून म्हणाल्या की ताईचे काम चोख, आकडे वाचूनच बी घातली असेल. आम्ही सांगितले की दर खोक्यात तीन घातल्या, आम्ही पाहिले. मग त्या हसेनाशा जाहल्या आणि चमचा आणून एका शून्याखाली उकरू लागल्या, आणि माती वर्तमानपत्रावर पसरून बोटांनी पाहिली. भोपळ्याची बी नखाएवढी, दिसल्यावाचून राहत नाही. तेथे बी नव्हती, टरफलही नव्हते. अंगठ्याची खळी तेवढी होती. आणखी दोन शून्ये उकरिली, तेथेही तसेच. शरयूबाईंनी हात दोनदा धुतले.

मग त्या अखेरच्या खोक्याशी आल्या. त्यावर शून्य-शून्य-एक, म्हणजे केवळ रात्रीची गोळी; गोळ्या डबीत ओतून बाईसाहेबांनी ते खोके पेरणीस घेतले होते. त्यात तिन्ही जागा सपाट होत्या. शरयूबाई म्हणाल्या, "इथे शेवटचं यायला हवं होतं." तेव्हा जे कोणास सांगितले नव्हते ते आम्ही सांगितले.

"घरातल्या शेवटच्या रात्री ती गोळी मी दिली नाही. डोळा लागला माझा."

"ताईने उठवलं नाही?"

"नाही उठवलं."

शरयूबाई म्हणाल्या की एका गोळीने काही होत नसते, डॉक्टरांनीही तसेच सांगितले आहे. आम्ही म्हटले, सांगितले आहे. त्यांनी चमचा उचलिला आणि म्हणाल्या, "बघून टाकू, भाऊजी. बी असली तर येईल अजून. आणि नसली तर..." आम्ही चमचा त्यांच्या हातून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

चैत्रात खोकी भिजून मऊ पडली आणि मुळे बाहेर डोकावू लागली. शरयूबाईंनी शिकविले की रोप उपटू नये, पुठ्ठ्यासकट पुरावे, मूळ आपली वाट काढिते. मग इमारतीमागील भिंतीकडेला खड्डे करून, रात्रीच्या गोळीचे तेवढे सोडून, सारी खोकी आम्ही पुरली, आणि शरयूबाई आपले गावी गेल्या. जाताना त्या खोक्याविषयी पुसले नाही. त्यास आम्ही रोज पाणी घालतो, रात्रीच्या गोळीचे वेळेस, आणि एक दिवस चुकविला नाही. इतरांचे पुठ्ठे विरले, याचा ताठ आहे. आकड्यांची शाई ओघळली नाही. तिन्ही खळ्यांत अंगठ्याच्या रेघा दिसतात, आणि इतके पाणी पडून त्या बुजत नाहीत.

एवंच बाईसाहेबांचे पश्चात वेल भिंतीवर चढले, फुले आली, दोन भोपळे धरिले. रात्रीच्या गोळीचे खोके सज्ज्यात आहे. तिसऱ्या आकड्याखाली बी आहे की नाही, हे अद्याप पाहिले नाही.